डिस्चार्ज कार्डावर खांदा कुठं आहे? हॉस्पिटलच्या विश्वस्तांना एक खुलं पत्र

मा. विश्वस्त मंडळ, मेडिकल सुपरिंटेंडंट साहेब, आणि फिजिओथेरपीच्या हॉलचा निर्णय ज्यांनी कुणी घेतला असेल ते सगळे,

सप्रेम नमस्कार.

हॉस्पिटलचं नाव मी मुद्दामच लिहीत नाहीये. एक तर वाचल्यावर तुम्हाला कळेलच, आणि दुसरं म्हणजे हे वाचून कोल्हापुरातल्या आणखी दोन-चार हॉस्पिटलना 'हे आपल्याबद्दलच आहे की काय' असं वाटलं तर बरंच होईल.

या महिन्यात तुमच्या फिजिओथेरपी विभागाच्या दारावर एक कागद चिकटवलाय. संध्याकाळची ओपीडी बंद, इथून पुढं सकाळी दहा ते बारा तेवढीच. आणि आतला मोठा हॉल, जिथं पॅरालिसिसच्या पेशंटना खाली गादीवर घेऊन व्यायाम करून घ्यायचे, तो नव्या हार्ट युनिटच्या वेटिंगसाठी घेतलाय. खाली कुणाची सही नाही, कारण नाही, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढंच. मी दोनदा ऑफिसात जाऊन विचारलं, तर 'वरून आलंय' म्हणाले. वर म्हणजे तुम्हीच, म्हणून तुम्हाला लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण प्रश्न एकट्या माझ्या घरचा नाही.

आधी माझा काय संबंध ते सांगतो. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, लेथचं काम करतो. माझ्या आईला अटॅक आला पॅरालिसिसचा, डावी बाजू गेली. तुमच्याकडंच आणली, वेळेत आणली, आणि पहिल्या काही दिवसांत तुम्ही जे केलंत त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, उलट आभारच आहेत. सीटी स्कॅन लगेच, गुठळी विरघळायचं इंजेक्शन लगेच, आयसीयूतल्या सिस्टर रात्रभर उभ्या. साडेचार तासांच्या आत पेशंट आणा म्हणून तुम्ही जे बोर्ड लावता ते खरंच कामाचे आहेत. जीव वाचला. घरी आल्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, डावाच हात गेलाय न्हवं, उजवा राहिला, अंबाबाईची कृपा. त्या डाव्या हाताचा खांदा पुढं काय खेळ करणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आम्हाला नव्हतं, आणि ज्यांना माहीत असायला पाहिजे होतं त्यांनी सांगितलं नाही.

दुखणं डिस्चार्जनंतर काही आठवड्यांनी सुरू झालं. आधी फक्त ब्लाउजची बाही चढवताना, मग कूस बदलताना, मग रात्रभर. एका रात्री ती मला म्हणाली, "आरं ह्यो खांदा काढून ठिव तिकडं कोपऱ्यात, मग झोप लागंल मला." दिवसा पाय टाकायला तयार असायची, वॉकर धरून दारापर्यंत जायची जिद्द होती, पण हाताला हात लावू द्यायची नाही. आणि हाताला हातच लावू दिला नाही तर व्यायाम कसला करणार, आणि व्यायाम नाही म्हटल्यावर खांदा आणखी धरणार, असं ते चक्र. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून जेवण नाही, वर शुगर वरखाली. अटॅकनं तिचं जेवढं नेलं नव्हतं तेवढं या खांद्यानं नेलं.

आणि तुमच्या हॉलबाहेरच्या बाकड्यावर बसलं की कळायचं, आपण एकटे नाही. गगनबावड्याकडचे एक वडापचे ड्रायव्हर होते, त्यांचाही खांदाच. एक रिटायर्ड गुरुजी, उजवी बाजू गेलेली आणि त्यासोबत बोलणंही गेलेलं, त्यांना तर दुखतंय हेही सांगता यायचं नाही, मिसेस त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघून ओळखायच्या. सगळ्यांची गोष्ट तीच की डिस्चार्जच्या वेळी खांद्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. स्ट्रोकनंतर, म्हणजे या पॅरालिसिसच्या अटॅकनंतर, नेहमी होणाऱ्या त्रासांमध्ये खांद्याचं दुखणं अगदी वरच्या नंबरात येतं, पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बहुतेकांचं सुरू होतं, हे तुमच्या लायब्ररीतल्या कुठल्याही पुस्तकात असणार. म्हणजे हे काही नवलाचं किंवा अचानक आलेलं संकट नव्हे.

मी डॉक्टर नाही, पण तुमच्याच संध्याकाळच्या फिजिओ मॅडमनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही उपयोग होईल. खांद्याची वाटी उथळ असते, खुब्याच्या वाटीसारखी खोल नसते. दंडाच्या हाडाचा गोळा त्या उथळ वाटीत बसून राहतो तो मुख्यतः भोवतालच्या चार स्नायूंनी आवळून धरल्यामुळं. लेथच्या फोर-जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) धरतो ना आपण, तसं. चारी जॉ ढिले करून जॉब तसाच सोडला तर काय होतं हे आमच्याकडच्या नव्या पोराला पण सांगावं लागत नाही. अटॅकनंतर पहिले काही दिवस-आठवडे ते स्नायू एकदम लुळे असतात आणि हाताचं वजन काय कमी नाही, साठ किलोच्या माणसाचा एक हात तीन किलोच्या आसपास भरतो. तो नुसता लोंबकळत राहिला की गोळा वाटीतून खाली सरकतो. आईच्या खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खाच लागायची, एक बोट आरामात बसेल एवढी. या खाचेनं प्रत्येकाला दुखतंच असं नाही, पण असल्या सैल सांध्याला कुणी हिसका दिला तर आतले स्नायू, नसा, आवरण सगळं ताणलं जातं. पुढं काही आठवड्यांनी उलटं होतं, तेच स्नायू कडक व्हायला लागतात, छातीचा आणि खांद्याच्या फऱ्याखालचा (फरा म्हणजे पाठीमागचं चपटं हाड) स्नायू हाताला आत ओढतो, हात छातीला चिकटतो, कोपर वाकतं, मूठ वळते. त्यात शुगर असली तर सांध्याचं आवरण आखडून खांदा धरायचा चान्स आणखी जास्त.

एवढं कळल्यावर मी मागं वळून तुमच्या वॉर्डात काय काय बघितलं होतं ते आठवायला लागलो, आणि तिथूनच माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली तक्रार, उचलण्याची. स्ट्रेचरवरून बेडवर, बेडवरून खुर्चीवर, वर सरकवायचं असेल तेव्हा, प्रत्येक वेळी वॉर्डातले कामगार मामा आणि मावशी काखेत हात घालून उचलायचे. एकदा तर मनगटाला धरून बसती केली. त्या बिचाऱ्यांचा दोष मी मानत नाही, एका मामाकडं आख्खा वॉर्ड असतो आणि त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. पण नातेवाईक काय करतात, दवाखान्यात जसं उचलताना बघतात तसंच घरी उचलतात. पाठीमागून फऱ्याला आणि कमरेला आधार द्यायचा, हात कधीच ओढायचा नाही, हे शिकवायला पाच मिनिटं लागतात ओ. सलाईनची सुई पण त्याच लुळ्या हातात, बीपीचा पट्टा पण त्याच हाताला, कारण तो हात हलत नाही म्हणून सोयीचा. तो हात सुजला तेव्हा 'सलाईनमुळं असतं, जाईल' म्हणाले.

डावी बाजू गेलेल्या काही पेशंटचं अजून एक असतं, त्यांना ती बाजू आपली आहे हेच ध्यानात राहत नाही. आईचा हात व्हीलचेअरच्या बाहेर लोंबायचा, चाकाच्या आऱ्यांपर्यंत बोटं जायची आणि तिला पत्ताच नसायचा. झोपेत अंगाखाली हात दाबला जायचा. हे लक्ष ठेवायचं असतं, खुर्चीत बसवलं की मांडीवर उशी ठेवून त्यावर हात ठेवायचा असतो, हे आम्हाला घरी गेल्यावर कळलं.

दुसरी तक्रार, डिस्चार्ज कार्ड. माझ्याकडं अजून आहे ते. त्यात ॲस्पिरिन आहे, क्लोपिडोग्रेल आहे, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची, शुगरची, सगळं वेळेसकट लिहिलंय, मीठ कमी खा लिहिलंय, आणि सगळ्यात खाली पेनानं 'फिजिओ कंटिन्यू'. संपलं. कुठला व्यायाम, किती, कसं झोपवायचं, काय करायचं नाही, काहीच नाही. पाठीवर झोपवताना फऱ्याखाली आणि हाताखाली उशी द्यायची. चांगल्या कुशीवर झोपवलं तर लुळा हात पुढं उशीवर ठेवायचा. लुळ्या कुशीवर झोपवलं तर खांदा जरा पुढं काढून घ्यायचा म्हणजे वजन थेट त्यावर येत नाही. कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. आईचे ब्लाउज बंद करून पुढून उघडे गाऊन शिवले तेव्हा निम्मी लढाई संपली. हे सगळं एका कागदावर मावतं, मराठीत, चार चित्रांसकट. कार्डाच्या मागची बाजू कोरीच असते तुमची, तिथं छापा.

तिसरी तक्रार जरा मोठी आहे कारण ती सकाळच्या ओपीडीबद्दल आहे, म्हणजे जी तुम्ही चालू ठेवताय तिच्याबद्दल. सकाळी गर्दी असते. कंबर, मान, गुडघा, ऑपरेशन झालेले, सगळे एकत्र. पॅरालिसिसच्या पेशंटला तिथं काय मिळतं? शेक, मशीनचं करंट, आणि भिंतीवरची पुली. पुलीवर बसवायचं, लुळा हात एका टोकाला बांधायचा आणि चांगल्या हातानं दुसरं टोक ओढायचं, दहा मिनिटं. आई तिथून रडत उठली. लुळा हात डोक्यावर नेताना फरा पण सोबत फिरावा लागतो आणि दंडाचं हाड बाहेरच्या बाजूला वळावं लागतं, पुलीत यातलं काहीच होत नाही, आतले स्नायू हाडाखाली चेमटतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या रिहॅबच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्ट्रोकच्या पेशंटसाठी असली पुली वापरू नका असं स्पष्ट आहे. मला लेथवाल्याला ते मोबाईलवर सापडलं.

शेकाचं पण तसंच. ज्या बाजूला संवेदना कमी आहे तिथं किती गरम आहे हे पेशंटला कळत नाही, आणि तुम्ही हॉट पॅक ठेवून पडदा ओढून पुढच्या पेशंटकडं जाता. नंतर कातडी बघायची असते.

संध्याकाळच्या हॉलमध्ये काय व्हायचं ते पण लिहितो, कारण मला वाटतं तुम्ही कधी खाली येऊन बघितलेलं नाही. मॅडम आईला टेबलासमोर बसवायच्या, दोन्ही हात एका टॉवेलवर ठेवायला लावायच्या आणि टॉवेल हळूहळू पुढं सरकवायचा, दुखायच्या आधी थांबायचं. टेबल हाताचं वजन पेलतं, खांद्यावर भार नाही. मग त्या फऱ्यावर हात ठेवून आधी फरा मोकळा करायच्या, आणि मगच हात वर न्यायच्या, तो पण खांद्याच्या रेषेपर्यंतच. आणि प्रत्येक वेळी घरातल्या एकाला सोबत करायला लावायच्या, 'आता तुम्ही धरा, मी बघते'. माझी बायको त्यात तयार झाली. हात गळ्यात अडकवायची झोळी पण त्यांनीच कमी करायला लावली. मेडिकलमधून आणलेली ती झोळी आम्ही आईला दिवसभर घालून ठेवत होतो कारण घेताना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्या म्हणाल्या उभं राहताना आणि चालताना घाला, बसल्यावर काढा, नाहीतर हात तसाच वाकडा आखडून बसतो. हे सगळं करायला एक गादी, एक टेबल, एक टॉवेल आणि एक शिकलेलं माणूस लागतं. तो हॉल तुम्ही खुर्च्या टाकायला घेतला.

आणि वेळ. सकाळी दहा ते बारा पेशंटला आणणार कोण? पॅरालिसिसचा पेशंट एकटा येत नाही, त्याला आणायला एक धडधाकट माणूस लागतं, आणि ते माणूस त्या वेळेला गोकुळ शिरगावला नाहीतर शिरोलीला शिफ्टमध्ये असतं, किंवा दुकान उघडून बसलेलं असतं. रोज हाफ डे टाकला तर महिन्यात नोकरी जाईल. संध्याकाळी सहानंतर गर्दी असायची ती हौसेनं नव्हती.

चौथी तक्रार, दुखणं नक्की कुणाचं? न्यूरोवाले म्हणाले खांदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाचे डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर आहे, स्ट्रोकमुळं आहे, न्यूरोला विचारा. फिजिओला लिहून दिलं ते परत शेक आणि मशीन. या फेऱ्यांमध्ये जे महिने गेले ते परत मिळत नाहीत. आता कळतंय की स्ट्रोकनंतर खांदा दुखतो त्याची कारणं एक नसतात. सांधा सरकलेला असतो, स्नायू कडक झालेले असतात, आवरण आखडलेलं असतं, आतला स्नायू फाटलेला असू शकतो. काहींना खांद्यासोबत पंजाही सुजतो, चकाकतो, गरम लागतो, नुसता पदर लागला तरी ओरडतात, ते वेगळंच, त्याला वेळ घालवून चालत नाही. आणि काहींचं दुखणं खांद्यात नसतंच, मेंदूतल्या इजेचं असतं, आगीसारखं भाजतं, त्याला साध्या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत, नसांच्या वेगळ्या गोळ्या लागतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा. पण त्यासाठी कुणीतरी एकानं बसून हात लावून बघायला पाहिजे. आईच्या फॉलोअपला प्रत्येक वेळी बीपी विचारलं, शुगर विचारली, गोळ्या चालू आहेत का विचारलं. कुठं दुखतंय का हे विचारलं नाही, आपण सांगायला गेलं तर 'ते असतंच' म्हणून पान उलटलं.

आणि 'ते असतंच' म्हटल्यावर माणूस जातो कुठं? मेडिकलमध्ये. काउंटरवर दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी मिळते, डायक्लोफेनॅकची. एकीकडं रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू, त्यात हे. पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बीपी चढतं, किडनीवर लोड येतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच सांगितलंय की ज्याला स्ट्रोक होऊन गेलाय त्याला डायक्लोफेनॅक देऊ नका. कार्डावर एक ओळ लिहिली असती, 'दुखलं तर पॅरासिटामोल, बाकीची गोळी आम्हाला विचारल्याशिवाय नको', तर किती घरं वाचली असती. जे मेडिकलात जात नाहीत ते मालीशवाल्याकडं जातात, हाड बसवणाऱ्याकडं जातात, तो खांद्याला हिसका देतो आणि वर पैसे घेतो. कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगणारे आम्हाला दोघं तरी भेटले. त्यांना हसून उपयोग नाही, तुम्ही रिकामी सोडलेली जागा ते भरतायत.

शेवटी आईचं काय झालं ते सांगून टाकतो. त्या मॅडमनीच तुमच्याकडच्या एका हाडाच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला, त्यांनी नीट तपासून सांध्यात इंजेक्शन दिलं, स्टिरॉइड असल्यामुळं काही दिवस शुगर वाढेल हे आधीच सांगितलं, त्याप्रमाणं आम्ही रोज तपासत राहिलो. दुखणं उतरल्यावर व्यायामाला हात देऊ लागली. आता रात्री झोपते. हात काही पहिल्यासारखा नाही, होणारही नाही कदाचित, पण डाव्या हातानं भांडं दाबून धरते आणि उजव्यानं ढवळते. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलमध्ये हे होऊ शकतं, माणसं आहेत, माहिती आहे. फक्त ते एका मॅडमच्या चांगुलपणावर चाललं होतं आणि तुम्ही नेमकी त्यांचीच वेळ आणि जागा काढून घेतली. सगळ्यांचं दुखणं टळतं असं मी म्हणत नाही, पण बरंच टळण्यासारखं असतं आणि उरलेलं कमी करता येतं.

तर आता मागण्या, सरळ सांगतो.

संध्याकाळची ओपीडी परत चालू करा, आठवड्यातून निदान चार दिवस. हॉल परत द्या, किंवा तेवढीच दुसरी जागा द्या, पण तळमजल्यावर.

स्ट्रोकचा पेशंट वॉर्डात आला की बेडच्या डोक्याशी बोर्ड लावा, 'हा हात ओढू नका, सुई आणि बीपी दुसऱ्या हाताला'. मामा, मावशी, सिस्टर सगळ्यांना उचलायचं कसं ते तुमच्याच फिजिओकडून शिकवा, आणि नवीन माणूस आला की परत शिकवा.

डिस्चार्जच्या आधी घरातल्या एका माणसाला उचलणं, झोपवणं, कपडे आणि व्यायाम हातानं करून दाखवायला लावा आणि जमतंय का बघूनच सोडा. बिलाच्या काउंटरला आम्हाला दोन-दोन तास बसवता, त्यातली वीस मिनिटं इकडं वापरा. सोबत तो मराठी कागद. प्रत्येक फॉलोअपला खांद्याबद्दल विचारा, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांचा हात हळू हलवून चेहरा बघा.

स्ट्रोकच्या पेशंटसाठी ती पुली बंद करा. आजच.

आठवड्यातून एक दिवस न्यूरो, हाडाचे डॉक्टर आणि फिजिओ एकाच वेळी एकाच खोलीत बसा, दोन तास. कडक झालेल्या स्नायूसाठी बोटॉक्सचं इंजेक्शन असतं, खांद्याच्या नसेचा ब्लॉक असतो, हे पर्याय कुणाला लागू आहेत आणि खर्च किती ते तिथंच सांगा, पेशंटला या मजल्यावरून त्या मजल्यावर पळवू नका.

आणि पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ॲडमिट असेपर्यंतचं होतं, पण नंतर महिनोन्महिने ओपीडीत येऊन करायची फिजिओथेरपी खिशातूनच द्यावी लागते, आणि रिक्षाभाडं वेगळं. तुम्ही ट्रस्टचं हॉस्पिटल आहात, निर्धन रुग्णांसाठी बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला ठेवायची असते तुम्हाला. त्यातून गरीब पेशंटच्या फिजिओचं काय करता येतं ते बघा आणि बोर्डावर लिहा.

जाता जाता जिल्ह्याच्या आणि महापालिकेच्या साहेबलोकांना पण, कारण तुम्ही पण हे वाचताय. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके आहेत. चंदगडच्या, आजऱ्याच्या, शाहूवाडीच्या पेशंटनं खांद्याचा व्यायाम शिकायला एसटीनं कोल्हापूरला यायचं हे शक्यच नाही, तो एसटीची पायरीच चढू शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पुनर्वसनाची सोय करणं हे सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं काम म्हणून लिहिलंय. स्थानिक संस्थांना उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसवता येणार नाही का? आशाताई घरोघरी जातातच, त्यांना उशी कशी ठेवायची आणि हात का ओढायचा नाही एवढं शिकवा, पण त्याचा मोबदला देऊन, फुकट अजून एक काम नको त्यांच्या डोक्यावर.

२९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो, तुमच्याकडं दरवर्षी रॅली निघते, टी-शर्ट वाटतात. यंदा टी-शर्टचा खर्च वाचवून तो कागद छापलात तरी आम्ही समाधानी.

आम्ही बाकड्यावरचे काही जण मिळून पुढच्या आठवड्यात तुम्हाला भेटायला येणार आहोत. मोर्चा नाही, घोषणा नाही, निवेदन घेऊन येऊ आणि उत्तर लेखी मागू. वेळ कळवा. संध्याकाळची द्या, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही. आणि त्या मॅडमना पण त्या बैठकीला बोलवा, त्यांना आमच्या समोर बोलू द्या.

आपला,
उद्यमनगरातला एक लेथवाला, एका पेशंटचा मुलगा

ता.क. बैठकीला पेशंट पण येणार आहेत, तेव्हा खुर्च्या हाताच्या ठेवा, प्लॅस्टिकची स्टुलं नकोत.